अर्धलीच्या चार तलंगा

तुम्ही दर रविवारी फोनवर कोंबड्या दाखवायला सांगता आणि गेले चार महिने मी काही ना काही सबब काढते. एकदा म्हटलं, ऊन फार आहे, नीट दिसणार नाहीत. एकदा म्हटलं, वाडीत लांब चरायला गेल्यात. मागच्या खेपेस धाकटीने विचारलं, "आजी, ऐकू पण येत नाहीत?" तेव्हा आजोबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तुम्हाला भरतीचा समुद्र दाखवला.

कोंबड्या नाहीत. एकही उरलेली नाही. फोनवर हे सांगवेना, कारण 'मेल्या' एवढं म्हणून ते पुरं होत नाही. म्हणून लिहून काढते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. आईकडून वाचून घ्या. इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून सगळं अहवालासारखं उतरतं, आणि अहवालांची सध्या मला धास्तीच बसली आहे.

खुराडं तुम्ही पाहिलंय. वादळात आपल्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या. त्या जाळायला जीव होईना, म्हणून सुताराकडून त्यांच्या रिपा पाडून घेतल्या आणि पडवीमागे हे खुराडं बांधलं. पोफळीचं लाकूड बाहेरून लोखंडासारखं टणक, पण आतून दोऱ्यादोऱ्याचं, पोकळ. तेव्हा मला त्यात नुसती काटकसर दिसली. दर पंधरवड्याला चुना, रोज सकाळी झाडलोट, आठवड्याला ताजी राख. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईच्या सवयी कोंबड्यांनाही चुकल्या नाहीत. सकाळी दार उघडून मी एकेक मोजून बाहेर सोडायची तेव्हा आजोबा चहाच्या कपामागून विचारायचे, "झाली हजेरी? कोण गैरहजर?" आल्यागेल्याला आमचं खुराडं दाखवलं जायचं. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

सुपारी सोलायला येणारी मावशी तुम्हाला आठवत असेल, तुम्हाला साली गोळा करायला लावून वर रागावायची ती. ती खाडीकडच्या वाडीत राहते. सगळ्या गावासारखीच ती मला 'बाई' म्हणते. तिची लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी यायची होती. पौषातले दिवस सांगितले होते. मावशीच्या स्वतःच्या नऊ कोंबड्या होत्या आणि तोवर त्या वीस तरी व्हायला हव्यात असा तिचा हिशेब होता. बाळंतिणीला महिनाभर गावठी कोंबडीचा रस्सा आणि रोज एक अंडं. बाजारातली ब्रॉयलर तिच्या लेखी कोंबडीच नाही. "त्याला काय चव, बाई? कापूस शिजवल्यासारखा लागतो." लेक अंगाने अगदी काडी. आधीचा गर्भ पाचव्या महिन्यात पडलेला. म्हणून या वेळी मावशीने सगळा जीव त्या कोंबड्यांत घातला होता.

आपल्याकडे कोंबडी अर्धलीने द्यायची पद्धत आहे. कोंबडी माझी, सांभाळ तिचा. अंडी बसवून जी पिल्लं निघतील ती निम्मी माझी, निम्मी तिची. कागद नाही, साक्षीदार नाही. नियम एकच. कोंबडी मेली, तर सांभाळणारीने तिचे पाय मालकिणीला आणून दाखवायचे. म्हणजे ती विकली नाही, खाल्ली नाही, खरोखर मेली, हे मालकिणीला कळतं. मला ते कसंतरीच वाटायचं. "माझ्याकडे पाय वगैरे आणू नकोस," असं मी तिला पूर्वीच सांगून ठेवलं होतं. तर म्हणाली, "न्हाय बाई, रीत हाय ती. तुमी नका बघू, पन मी आननार."

गौरी-गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला चार तलंगा दिल्या. तलंग म्हणजे नुकती अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी. चांगल्या तुकतुकीत होत्या. एरवी दुसऱ्याची कोंबडी घेताना मावशी पंख उचलून खाली फुंकर मारते, पिसं फाकवून कातडी बघते, चोच उघडते. बाजारात तिने अशा कितीतरी कोंबड्या परत केलेल्या मी पाहिल्यात. त्या दिवशी तिने काही पाहिलं नाही. चौघींना बांबूच्या डालग्याखाली घातलं आणि हसली. "बाईंच्या खुराड्यात काय असनार? आमच्या घरापरीस साफ."

मला बरं वाटलं. मीही पाहिलं नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी तांबडी कोंबडी खुराड्यात शिरेना. दाराशी यायची, आत मान घालायची आणि मागे फिरायची. शेवटी पडवीच्या पायरीवर अंग चोरून बसली. तिचा तुरा पाहिला तर फिका पडलेला, धुतल्यासारखा. मला वाटलं, आत साप असेल. आजोबांनी काठीने सगळं चाळवलं, काही नव्हतं. सकाळी मी आत वाकले आणि बसायच्या दांड्यावरून पांढरा रुमाल फिरवला. का फिरवला, कोण जाणे. बहुधा धूळ पाहायला. रुमालावर लाल रेघ उठली.

ते रक्त होतं. मोहरीहून बारीक किडे, पोटभर प्यालेले, माझ्या बोटांखाली चिरडले होते. दिवसा ते फटींत बसतात आणि अंधार झाला की कोंबडीच्या अंगावर चढतात, हे मग वाचून कळलं. रिपेचं एक टोक सुरीने उचकटलं तर आतल्या दोऱ्यांतून राखेसारखी करडी वस्ती हलली. चुना मी वरून फासत होते. आत त्यांचं गाव वसलं होतं.

पुढचे चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. उकळतं पाणी ओतलं, रॉकेल फासलं, सीताफळाच्या बियांची पूड पिसांत चोळली, कडुनिंबाच्या पाण्याने एकेकीला आंघोळ घातली. कोंबड्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू हे मीच त्यांच्या मागे लावलं. किडे कमी झाले. मला वाटलं, जिंकले. आणि मग तांबडीचे पाय गेले.

हे कसं सांगू? ती चालता चालता बसली आणि उठलीच नाही. डोळे स्वच्छ, चोच स्वच्छ. दाणे समोर धरले तर खात होती. पण एक पाय पुढे, एक मागे, नाचताना पडल्यासारखी पसरलेली. विष्ठा हिरवट, तिच्यात पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत. तिसऱ्या दिवशी गेली. तोवर आणखी दोघी तशाच बसल्या होत्या.

आजोबा म्हणाले, "खाडीकडे निरोप पाठव. तिला सांग."

"काय सांगू?"

"आपल्याकडे रोग आलाय म्हणून."

"कसला रोग? किडे म्हणू, जंत म्हणू, की अजून काही? उगाच अर्धवट काहीतरी सांगून तिला घाबरवायचं, तेही पाचवा महिना लागताच लेक माहेरी आलेली असताना? नक्की काय ते कळू दे, मग सांगते."

"तुझ्या शाळेत पोरगं तापलं तर आधी रक्त तपासायचीस, की घरी पाठवायचीस?"

तुमचे आजोबा बोलतात कमी, पण बोलले की जागेवर लागतं. लागलं, तरीही मी गेले नाही.

दुसरी मेलेली कोंबडी घेऊन मी तालुक्याला गेले. कोळणीकडून थर्माकोलचा खोका आणि बर्फ घेतला आणि ती पिशवीत बांधून मधोमध ठेवली. एसटीत कंडक्टरने खोक्यावर टिचकी मारली.

"काय बाई, सुरमई वाटतं? पाव्हण्यांना?"

"कोंबडी आहे. मेलेली."

"मग तिकीट एकाचंच लागलं," असं म्हणून तो पुढे गेला, आणि मागच्या बाकावरचे दोघे मोठ्याने हसले. मलाही हसू आलं. त्या सगळ्या दिवसांतलं तेवढंच.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, दमलेला. रांगेत तीन शेळ्या आणि एक कुत्रा होता. पण त्याने कोंबडी नीट पाहिली, पोट फाडून आतलंही पाहिलं. "मॅडम, किडे आहेत, जंतही आहेत. पण पाय त्यांनी जात नाहीत. मानमोडी म्हणावी तर मान सरळ आहे. दाणा काय देता?"

"कणी. पावसात थोडी दमट झाली होती, पण मी वाळवून दिली."

"तेही असेल. किंवा नसेल. नमुना पुण्याला पाठवू, मग कळेल." त्याने जंतांचं औषध दिलं, फवारायची पूड दिली, आणि कागदावर लिहिता लिहिता म्हणाला, "बाहेरून नवीन आणू नका. इथल्या कुणाला देऊ नका. या महिन्याभरात कुठे दिल्यात का?"

मी म्हटलं, "नाही."

पोरांनो, ही ओळ मी दोनदा खोडली आणि पुन्हा लिहिली. तो मला ओळखत नव्हता, काही करणारही नव्हता. त्याने फार तर एक नाव टिपलं असतं. पण माझं खुराडं सगळ्या गावात नावाजलेलं, आणि त्यातूनच दुसऱ्याच्या घरी रोग गेला, हे शब्द तोंडातून निघेनात. परतीच्या एसटीत मी स्वतःला समजावलं की पुण्याहून कागद येऊ दे. कागदावर रोगाचं नाव असेल, औषधाचं नाव असेल, ते दोन्ही घेऊनच तिच्याकडे जाऊ. हात हलवत काय जायचं?

त्यानंतर पाचव्या दिवशी मावशी आली. सोलणीचे दिवस अजून सुरू झाले नव्हते. हातात पोफळीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या बुंध्याच्या रुंद सालीचा, तुकडा होता, दोरीने बांधलेला. पायरीपाशी उभी राहिली, वर आलीच नाही.

"बाई, तुमची येक तलंग गेली." तिने विरी उघडली. दोन पिवळे पाय, बोटं आवळलेली. "माज्या हातून काय तरी झाला. चांगली चरत व्हती, मंग बसली ती बसलीच. जावेनं दान्यात काय कालवला असल तर देव जाने. तिच्या परड्यात जातात ना आमच्या कोंबड्या, तिला खपत न्हाय."

माझ्या मागे दोरीवर पाच रुमाल वाळत होते, किडे तपासायला दांड्यांवरून फिरवून धुतलेले. मी म्हटलं, "असू दे गं. होतं असं."

"असू दे कसा? तुमची भरून देनार मी."

"काही नको."

"तुमी गप बसा बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीला तिची काळी कोंबडी बांधलेली होती, रोज अंडं देणारी, तिच्या नऊंतली सगळ्यात चांगली. ती बांधून ठेवून, हाक न मारता मावशी निघून गेली होती. परत पाठवायची, तर का, ते सांगावं लागलं असतं. मी ती ठेवून घेतली. वाडीच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपलीकडे, नव्या डालग्याखाली एकटी ठेवली. तिच्यासाठी पाण्याचं भांडं वेगळं, दाण्याचं वेगळं, माझ्या चपलासुद्धा वेगळ्या. अकराव्या दिवशी तिचेही पाय पसरले.

मग रोजचंच झालं. सकाळी दार उघडायचं, कोण उभं आहे आणि कोण बसलं आहे, ते पाहायचं. मी हळदीचं पाणी पाजलं, लसूण भरवला, पायांना तेल चोळलं. एका पिवळीला तर जुन्या धोतराच्या झोळीत टांगून ठेवलं, पाय जमिनीवर टेकतील न टेकतील असे, कारण असं केल्याने पायांत बळ येतं असं कुणीतरी सांगितलं. ती सहा दिवस झोळीत बसून माझ्या हातून खात होती. सातव्या दिवशी खायची थांबली. दर वेळी वाटायचं, हिला तरी काही कळेल, हिच्यावरून तरी काही उमजेल. काही उमजलं नाही. प्रत्येकीचं निराळं. कुणी तीन दिवसांत, कुणी पंधरा. ज्या दोघींच्या अंगावर सगळ्यात जास्त किडे होते त्या सगळ्यात शेवटी गेल्या.

पुण्याचा कागद एकोणिसाव्या दिवशी आला. डॉक्टरने फोनवर त्याचा फोटो पाठवला होता. इंग्रजीत दोन ओळी. नमुना पोचेपर्यंत कुजलेला होता. निदान करता येत नाही.

मी तो फोटो मोठा करून पाहिला, जणू खाली आणखी काही लिहिलेलं असेल. बर्फ मी भरपूर घातला होता. पुढे कुठे वितळला, कुणाच्या हातात, हे विचारून उपयोग नव्हता. एकोणीस दिवस मी ज्याच्यासाठी गप्प बसले होते, ते हे होतं.

त्याच दुपारी खाडीकडे गेले. मावशीच्या अंगणात शिरतानाच कळलं. तिच्या अंगणात कधी इतकं शांत नसतं. दोन कोंबड्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि त्या का बसल्या आहेत हे आता मला न सांगता कळत होतं. लेक ओट्यावर होती, पोट चांगलं वर आलेलं. मावशी जवळा निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. रुमाल, किडे, पाय, डॉक्टर, कागद. ती जवळा निवडतच राहिली. माझं सांगून संपल्यावर तिने हात थांबवून विचारलं, "तुमच्याकडं कंदी सुरू झाला?"

"तलंगा दिल्यावर आठव्या दिवशी."

ती मनात मोजत होती. "म्हंजी मी पाय आनले तवा तुमाला म्हाईत व्हता."

"हो."

"मंग माजी काळी कशाला ठेवून घेतलीत?"

मी ओट्यावरच्या लेकीकडे पाहिलं.

लेक म्हणाली, "आये, जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? मी जावेला काय काय बोलले सगळ्या वाडीसमोर. तिच्या पोरांची शपथ घ्यायला लावली तिला." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाई, तुमी नुसता येवढा सांगितला असता ना, की ह्या बाजूला ठेव, तरी माज्या नऊ वाचल्या असत्या. रोगाचा नाव नसता तरी चालला असता मला."

त्या खरंच वाचल्या असत्या का, हेही मला ठाऊक नाही. डॉक्टर नंतर म्हणाला की रोग कदाचित खाडीकडूनच माझ्याकडे आला असेल, किंवा दोन्हीकडे तिसरीकडूनच. आजोबांनी मला बरं वाटावं म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगितलं. पण मला ते नको होतं. कुठून आला हे न कळण्याचा आसरा मी एकदा घेऊन पाहिलाच होता.

दिवाळीपर्यंत सगळं आटोपलं. शेवटची पिवळी गेली त्या दिवशी आम्ही खुराडं मोडून जाळलं. पोफळीच्या रिपा लवकर पेटत नाहीत. दोन दिवस धुमसत होत्या. परसात आता काही नाही. निदान पावसाळ्यापर्यंत तिथे पक्षी ठेवायचा नाही, असं डॉक्टरने बजावलंय.

सोलणी सुरू झाली तेव्हा मावशी आली नाही. भांडून नाही. निरोप आला, लेकीजवळ थांबावं लागतं. तिच्या जागी दुसरी बाई पाठवली, तीही वेळेवर. तिची जाऊ अजून तिच्याशी बोलत नाही.

लेक पौषातच बाळंत झाली. मुलगी. मूल ठीक, पण आईच्या अंगावर दूध नाही, असं कानावर आलं. मी हरिहरेश्वरच्या बाजूला ओळखीच्या एका घरातून एक कोंबडी आणवली. आपल्या गावापासून लांबची, निरोगी, निदान ते तसं म्हणत होते. पंख उचलून पाहिले, फुंकर मारून पाहिली, चोच उघडून पाहिली. मग पाय बांधून, पिशवीतून मान बाहेर काढून, रिक्षाने खाडीच्या बांधापर्यंत आणि तिथून चालत तिच्या दारात गेले.

मावशी उंबऱ्यात उभी राहिली. आत पाळण्याची दोरी हलत होती. तिने पिशवीकडे पाहिलं आणि मग बाजूला, भिंतीकडे.

"बाळंतीन हाय घरात, बाई. भायरची कोंबडी आत नको."

"कापूनच देते, तुझ्यासमोर."

"नको. ती ब्रॉयलर खाते. उतरते तिच्या घशाखाली. आता काय."

मला बस म्हणाली नाही. तिच्या घरी असं कधीच झालं नव्हतं.

मी खाडीच्या बांधावर परत आले. रिक्षा थांबलेलीच होती. कोंबडी पिशवीत शांत होती, अंग गरम, मान इकडेतिकडे वळवत होती. तिला मावशीच्या दारात जागा नव्हती आणि आपल्या परसात मला ती नेता येत नव्हती. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"काय बाई, घेतली न्हाय?"

"नाही. तुला हवी का?"

तो लगेच वळला. "मला? फुकट?" मग त्याने हात पुढे केला आणि मधेच थांबवला. "आजारी न्हाय ना ही?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने हात मागे घेतला.